कुलूप आधी उघडा: नव्या मुख्याध्यापकांसाठी, आठवी ते दहावीच्या वाचनाबद्दल

जूनमध्ये तुम्ही मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसाल तेव्हा संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस (शाळेच्या माहितीची सरकारी नोंद), पोषण आहार असे सगळे विषय टेबलावर आधीच येऊन बसलेले असतील. वाचन त्यांत नसतं, कारण त्याचा तक्ता कुणी मागत नाही. वरून कुणी विचारत नाही, म्हणून ते मागे पडत जातं. मी एका तालुक्याच्या गावच्या माध्यमिक शाळेत आधी मराठीची शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका म्हणून काम केलं. तिथे जे जमलं, जे फसलं आणि ज्याला फार उशीर झाला, ते सगळं इथे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. मुलांना पुस्तक सुचवणं, गोष्ट रंगवून सांगणं, कविता म्हणून दाखवणं हे चांगले शिक्षक आपणहून करतात. त्यासाठी मुख्याध्यापकाची गरज लागत नाही. दोन गोष्टी मात्र शाळेत फक्त मुख्याध्यापकच देऊ शकतो: वेळ आणि अभय. वेळापत्रकाला हात लावायचा अधिकार तुमचाच. ‘पुस्तक हरवलं तर माझ्या पगारातून कापतील’ ही शिक्षकाची भीती आणि ‘वाचलं तर आता काहीतरी लिहून द्यावं लागणार’ ही मुलाची भीती, या दोन्ही काढणं तुमच्याच हातात. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

पहिला आठवडा: नुसतं बघा

कोणताही उपक्रम जाहीर करू नका. आधी पुस्तकांच्या देवघेवीचं रजिस्टर मागवा. गेल्या वर्षी किती पुस्तकं मुलांच्या हातात गेली, कोणत्या महिन्यांत गेली, कोणत्या वर्गांना गेली, हे वाचा. अनेक शाळांत जुलैत थोड्या नोंदी दिसतात आणि मग एकदम वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास. मधली पानं कोरी. मग विचारा: कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, आणि ते सर रजेवर असतील तर पुस्तक कसं मिळतं?

त्यानंतर नववीतल्या दहा-पंधरा मुलामुलींशी एकेकट्यानं बोला. वर्गशिक्षक जवळ नकोत. ‘तुला वाचायला आवडतं का?’ असं विचारू नका, सगळी ‘हो मॅडम’ म्हणतील. ‘शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं?’ असं विचारा, आणि ‘मोबाइलवर काय वाचतोस?’ असंही विचारा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून मी चकित झाले होते. एक मुलगी प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर रोज रात्री चालू कथेचा पुढचा भाग वाचत होती. एका मुलाला क्रिकेटपटूंची सगळी कारकीर्द आकड्यांसकट पाठ होती. ही दोघंही आमच्या लेखी ‘न वाचणारी’ होती.

हा प्रश्न आपल्याच गावापुरता आहे, असं वाटून घेऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी होते. २०१८ च्या फेरीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतली सुमारे ४९ टक्के मुलं म्हणाली की आम्ही भाग पडलं तरच वाचतो. तिथे घरोघरी पुस्तकं आहेत, सुसज्ज ग्रंथालयं आहेत. तेव्हा आपली मुलं आळशी किंवा बिघडलेली आहेत, हा समज पहिल्याच आठवड्यात डोक्यातून काढून टाका.

कपाट

इथे थोडं थांबते, कारण माझ्या अनुभवात सगळं इथेच अडतं.

बहुतेक लहान शाळांत ग्रंथपालाचं पद नसतं. एखाद्या शिक्षकाकडे ग्रंथालयाचा ‘चार्ज’ असतो. चार्ज घेताना तो पुस्तकं मोजून घेतो आणि देताना त्याला ती मोजून द्यावी लागतात. एखादं पुस्तक गहाळ झालं तर आपल्याला भरून द्यावं लागेल, ही भीती त्याच्या मनात पक्की असते. कधी तसा अनुभवही आलेला असतो. मग शहाणपणाचा मार्ग एकच उरतो: कुलूप. त्या शिक्षकाला दोष देऊ नका. आपल्या व्यवस्थेत पुस्तक न दिल्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही, हरवल्याबद्दल मात्र द्यावा लागतो.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला नियम अगदी साधा आहे: पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. हे वेगळं सांगायची गरज का पडली, ते समजून घ्यायला युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांकडे बघावं लागतं. तिथे पुस्तकं फळीला साखळीनं बांधलेली असत. आपल्याकडे साखळीच्या जागी गोदरेजचं कपाट आलं, एवढाच फरक.

तेव्हा हे करा. शाळा समितीपुढे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे एक छोटा ठराव ठेवा: मुलांच्या नेहमीच्या वापरात फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकाकडून केली जाणार नाही, वर्षअखेरीस त्यांची यादी करून नियमानुसार निर्लेखन केलं जाईल, म्हणजे ती नोंदीतून रीतसर कमी केली जातील. सूचना वहीत तो उतरवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्या शाळेत हा ठराव झाला त्या दुपारी चार्ज असलेले सर माझ्या टेबलावर किल्ली ठेवून म्हणाले, ‘आता उघडतो मॅडम, बिनघोर.’ सात वर्षं ती किल्ली त्यांच्या खिशात होती. वर्षाला शंभरातली पाचसहा पुस्तकं गेली तर मी ते वर्ष चांगलं गेलं असं समजत असे. एकही गेलं नाही, तर पुस्तकं कपाटाबाहेर पडलीच नाहीत, असा त्याचा अर्थ.

कोणी अनुदानाची किंवा कायद्याची बाजू काढलीच तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं परिशिष्ट दाखवा. पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. गोष्टींची पुस्तकं हा शब्द तिथे आहे, तो बोट ठेवून दाखवा.

कपाट उघडल्यावर निम्मा माल बाहेर काढावा लागेल. जुनी मार्गदर्शकं, कसर लागलेली, एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती, कुणीतरी देणगी म्हणून आणून टाकलेले अहवाल. यांत लपलेली चाळीस चांगली पुस्तकं मुलांना सापडतच नाहीत. निर्लेखन रीतसर करा, तीन शिक्षकांची समिती नेमून, पण करा.

उरलेली पुस्तकं वर्गांत पाठवा. टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट बाजार समितीच्या आवारात स्वस्तात मिळतात. एका क्रेटमध्ये तीसचाळीस पुस्तकं उभी राहतात. प्रत्येक तुकडीला एक क्रेट द्यायचा आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्रेट पुढच्या तुकडीकडे सरकवायचा. काही पुस्तकं भिंतीवर दोरी बांधून, चिमट्यानं, मुखपृष्ठ समोर करून लावा. कणा दिसणारं पुस्तक आधीच वाचणारं मूल उचलतं. न वाचणारं मूल चित्र बघून उचलतं.

किल्ली आणि रजिस्टर मुलांकडे सोपवा. प्रत्येक वर्गातून तीनचार ग्रंथमित्र निवडा, पण सगळे हुशार मॉनिटर निवडू नका. मागच्या बाकावरचा, ज्याला शाळेत कधी कसलीच जबाबदारी मिळाली नाही असा एक तरी त्यांत हवा. पुस्तक हाताळता हाताळता तो एखादं उघडून बघतोच.

वीस मिनिटं

आता वेळ. रोज वीस मिनिटं, संपूर्ण शाळा, हवं ते पुस्तक, गप्प बसून वाचायचं. ही वीस मिनिटं कुठून आणायची?

खेळाच्या तासाला हात लावू नका, मुलं पुस्तकाचाच राग करतील. नुसत्या भाषा शिक्षकाच्या तासातूनही काढू नका, मग ते त्यांचं एकट्याचं काम होऊन बसतं. आठ तासिकांतून दोन-दोन मिनिटं काढली की सोळा मिनिटं होतात. मोठ्या सुट्टीनंतर वर्ग जागेवर बसेपर्यंत चारपाच मिनिटं अशीही जातातच. म्हणून वाचनाचा वेळ मोठ्या सुट्टीला जोडून ठेवा. घंटा झाली की मुलं आत येतात आणि पुस्तक उघडतात. पुढचा तास शांतपणे सुरू होतो, हे गणिताच्या शिक्षकांनीच मला पहिल्यांदा दाखवून दिलं, आणि तेच या योजनेचे सर्वांत मोठे समर्थक झाले.

हिशेब करून पाहा. वर्षातले दोनशे दिवस धरले तर वीस मिनिटांप्रमाणे चार हजार मिनिटं होतात, म्हणजे सहासष्ट तास. दीडशे पानांचं पुस्तक मध्यम वेगाच्या मुलाला पाचसहा तास घेतं. म्हणजे घरी एक ओळ न वाचणारा मुलगाही वर्षाला दहाबारा पुस्तकं वाचून होतो. आठवी ते दहावी धरली तर तीस. शिक्षक सभेत हा हिशेब फळ्यावर मांडा.

या वेळात सगळे वाचतात. शिक्षक, लिपिक, शिपाई मामा, तुम्ही. शिक्षकांनी वह्या तपासायच्या नाहीत, हजेरी भरायची नाही, मोबाइल बघायचा नाही. हे सर्वांत अवघड आहे. आपल्यातल्याही पुष्कळ जणांनी डी.एड., बी.एड. नंतर स्वतःसाठी एखादं पुस्तक वाचलेलं नसतं, आणि ते कबूल करायला संकोच वाटतो. आदेश काढून हे होत नाही. मी शिक्षक खोलीत एक फळी ठेवली: पाककृती, प्रवास, चरित्रं, रहस्यकथा, शेतीवरची मासिकं. महिन्याच्या सभेची पहिली पाच मिनिटं ‘सध्या काय वाचताय?’ यासाठी ठेवली, आणि पहिल्या सभेत मी स्वतः अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलले. तिसऱ्या महिन्यात शारीरिक शिक्षणाच्या सरांनी एका धावपटूचं चरित्र मागून नेलं. नंतर तेच पुस्तक त्यांच्याकडून कबड्डीच्या संघातल्या चार मुलांकडे गेलं. माझ्या सांगण्यानं त्या मुलांनी ते उचललं नसतं.

तुम्ही रोज वेगळ्या वर्गात जाऊन बसा, मागच्या बाकावर, तुमचं पुस्तक घेऊन. फिरून पाहणी करू नका. मुख्याध्यापक बाई मान खाली घालून वाचत बसल्या आहेत, हे दृश्य मुलं विसरत नाहीत.

पहिले दोन आठवडे गोंधळ होईल. कोणी पुस्तक उलटं धरेल, कोणी पानंच मोजेल, कोणी झोपेल. रागावू नका आणि माघारही घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात बदल दिसतो. खरी परीक्षा असते ती घटक चाचणीच्या आठवड्यात आणि दहावीच्या वर्गात. ‘दहावीची पोरं आहेत, त्यांना तेवढ्या वेळात सराव पेपर देऊ या’ असं कोणीतरी म्हणेल. पालकही म्हणतील. तिथे ठाम राहा. एकदा दहावीचा वर्ग सुटला की नववी समजून जाते की वाचन हे महत्त्वाचं काम नसतानाचं काम आहे.

कोणती पुस्तकं

तेरा ते सोळा हे वय मराठी पुस्तकांच्या बाबतीत जरा उपाशीच राहिलं आहे. लहान मुलांची पुस्तकं त्यांना बाळबोध वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या जाडजूड. ‘मुलांनी चांगलं वाचावं’ या हट्टापायी आपण दोन पिढ्या त्याच दहा पुस्तकांची शिफारस करत आलो. त्यांतली बरीच खरोखर चांगली आहेत. पण चांगलं पुस्तक आणि या मुलाच्या हातात आज देण्याजोगं पुस्तक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या शाळेत सर्वांत जास्त फिरली ती भुताखेतांची आणि रहस्याची पुस्तकं. त्यानंतर सैनिकांच्या आणि खेळाडूंच्या कहाण्या, मोटारसायकल दुरुस्तीचं एक पुस्तक, कुक्कुटपालनावरच्या पुस्तिका, चित्रकथा, आणि मुलींमध्ये आत्मचरित्रं, विशेषतः शिकण्यासाठी झगडलेल्या बायकांची. दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांची आत्मकथनं नववी-दहावीची मुलं एका दमात वाचतात. काही मुलांना त्यांत पहिल्यांदा आपलं घर दिसतं.

भाषेचंही तसंच आहे. आपल्या वर्गात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, पावरी, कोरकू बोलणारी मुलं असतात. छापलेली मराठी त्यांना परकी वाटते आणि मग पुस्तकही परकं वाटतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचा संग्रह निघू शकला. खानदेशातल्या एका मुलानं ती गाणी वर्गात आपल्या हेलात मोठ्यानं वाचली तेव्हा सगळी शाळा ऐकत राहिली. प्रमाण मराठीत अडखळणारा तो मुलगा तिथे एकदाही अडखळला नाही. बोलीतली पुस्तकं शोधून आणा. कमी आहेत, पण आहेत.

पैसे कमी असतील तर हे मार्ग वापरा. दिवाळी झाली की गावातून दिवाळी अंक गोळा करा. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’नं सुरू केलेली ही परंपरा आपल्या घराघरांत दरवर्षी वाचनाचा ढीग तयार करते, आणि मार्चपर्यंत तो रद्दीत जातो. छोट्या कथा, लेख, व्यंगचित्रं असा तो मजकूर वीस मिनिटांच्या वेळेला अगदी योग्य असतो. मोठ्यांसाठीच्या अंकांवर एकदा नजर मात्र फिरवून घ्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, हवी ती पानं छापून क्रेटमध्ये ठेवता येतात. आणि तुमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय विसरू नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गातली हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत. अनेक ठिकाणी दुपारी तिथे वर्तमानपत्र वाचणारे चार आजोबा सोडले तर कुणी नसतं. तिथल्या ग्रंथपालांना जाऊन भेटा. मुलं येणार म्हटल्यावर त्यांना किती आनंद होतो ते बघाल.

नव्या खरेदीचे पैसे थोडे का असेनात, ते मुलांच्या हाती द्या. पुस्तक प्रदर्शनाला सहासात मुलांना घेऊन जा आणि ठरावीक रकमेत त्यांनाच निवडू द्या. ती मुलं परत येऊन त्या पुस्तकांची जाहिरात करतात. ती आपल्याला जमत नाही.

तक्रार येईल, तीही आधीच लक्षात घ्या. ‘आमच्या मुलीला प्रेमाचं पुस्तक का दिलं?’ किंवा ‘यात शिव्या आहेत.’ त्या क्षणी पुस्तक काढून टाकायचं आश्वासन देऊ नका. पालकांना बसवा, चहा द्या, ऐकून घ्या आणि सांगा की मी हे पूर्ण वाचून चार दिवसांत कळवते. मग खरंच वाचा. माझा नियम असा होता: पालकाला आपल्या मुलाबद्दल ठरवायचा अधिकार आहे, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल नाही. आणि कोणत्याही परिस्थितीत मुलाच्या हातातून वर्गासमोर पुस्तक हिसकावून घेऊ नका, शिक्षकालाही घेऊ देऊ नका. ज्या शिक्षकानं ते पुस्तक दिलं त्याच्या पाठीशी उघडपणे उभ्या राहा. एकदा त्याला एकटं सोडलंत की पुढे शाळेत कुणीच धीराचं पुस्तक देणार नाही.

वाचल्याचा हिशेब मागू नका

हे मी चुकून शिकले. मुख्याध्यापिका झाले त्या पहिल्या वर्षी मी ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणारा विद्यार्थी’ असं बक्षीस ठेवलं, सोबत प्रत्येक पुस्तकाचा एक पानी सारांश. पहिली आलेली मुलगी आठवीतली होती. तिनं एकेचाळीस पुस्तकं नेली, सगळी बारीक, आणि एकेचाळीस सारांश दिले. आम्ही टाळ्या वाजवल्या, स्थानिक दैनिकात फोटो आला. नववीत तिनं एकही पुस्तक नेलं नाही. विचारलं तर म्हणाली, ‘यंदा स्पर्धा नाही ना मॅडम.’

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला होता, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना आपणहून चित्रं काढायला आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, काहींना अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पाहिलं तर आधी बक्षीस कबूल केलेल्या मुलांचा चित्र काढण्याचा वेळ इतरांच्या निम्म्यावर आला होता. तो लेख वाचला तेव्हा मला माझी एकेचाळीस पुस्तकांची मुलगी आठवली.

म्हणून सारांश नको, प्रश्नावली नको, वाचन वही नको, पानांची मोजणी नको. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडायची मोकळीक द्या, तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचायचीही द्या. या जागी बोलणं ठेवा. परिपाठात सुविचाराऐवजी आठवड्यातून दोनदा एखाद्या पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचा आणि अगदी रंगात आल्यावर थांबा. पुस्तक कोणत्या क्रेटमध्ये आहे तेवढं सांगा. पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवा, नाव न लिहिता कोणीही एक ओळ लिहावी. ‘पान ६० पर्यंत कंटाळा आहे, पण सोडू नको’ ही आमच्याकडची ओळ माझ्या आवडीची.

मोठ्या मुलांना वाचून दाखवणंही सोडू नका. ऑफ तासाला एखादी कथा वाचायला घ्या. मिशी फुटलेली पोरंही हनुवटीखाली हात घेऊन ऐकतात.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाबद्दल फार काही सांगायचं नाही. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी फोटो आणि अहवाल पाठवावा लागतो, तो पाठवा. भाषणाऐवजी पुस्तकांची अदलाबदल ठेवा: घरून एक आणायचं, एक न्यायचं. सहल महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणार असेल तर वाटेत भिलारला अर्धा दिवस द्या. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि कुणाच्याही ओसरीवर बसून वाचता येतं. पुस्तक ही शाळेचीच वस्तू नाही, हे मुलांना तिथे दिसतं.

ज्यांना वाचताच येत नाही

हे सर्वांत नाजूक आहे. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीचा २०२३ सालचा अहवाल १४ ते १८ वयोगटावर होता. त्यातली सुमारे २५ टक्के मुलं आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सहज वाचू शकली नाहीत. म्हणजे चाळीसच्या वर्गात दहा. ही मुलं वीस मिनिटं पुस्तक पुढ्यात धरून बसतात आणि रोज लाज गिळतात. त्यांना ‘वाच ना’ म्हणणं क्रूरपणाचं आहे.

आधी डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येतं. ते आलं की कामाच्या गडबडीत उरकून टाकू नका, वाचन टाळणाऱ्या मुलांची यादी हातात ठेवा. आमच्याकडे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा चार वर्षं मिळालेल्या एका मुलाला फळाच दिसत नव्हता. अक्षरांची सतत उलटापालट होत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.

बाकीच्यांना सोपी पुस्तकं लागतात, पण नववीतला मुलगा सगळ्यांसमोर चित्रांचं पुस्तक उघडणार नाही. त्याला ते उघडायला मानाचं कारण द्या. आम्ही शेजारच्या जिल्हा परिषद शाळेशी ठरवलं: दर शनिवारी आमची बारा मुलं तिथल्या दुसरीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायला जातील. त्यासाठी आठवडाभर सराव करावा लागे. मी जी नावं दिली त्यांत निम्मी अडखळणारी होती, निम्मी चांगली वाचणारी, म्हणजे कुणालाही वास येऊ नये. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. दुसरीची पोरं ‘दादा, परत वाच’ म्हणाली की तो दादा पुढच्या शनिवारी आपणहून तयार असतो. दोन सत्रांनी त्यांतले बरेच जण क्रेटमधली पातळ पुस्तकं उचलू लागले.

सुट्टी, घर आणि दहावीनंतर

बहुतेक शाळा एप्रिलमध्ये सगळी पुस्तकं परत घेऊन कपाट बंद करतात. मुलांना सर्वांत जास्त वेळ असतो तो नेमका मे महिन्यात. उलट करा. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला तीनचार पुस्तकं द्या, जूनमध्ये परत घ्या. साठा पडताळणी जुलैत ठेवली तरी काही बिघडत नाही.

पालक सभेत ‘घरी वाचनाचं वातावरण ठेवा’ असं सांगून उपयोग नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाला ते कसं जमावं? मुलींना घरी गेल्यावर पाणी, भांडी, धाकटी भावंडं असतात, म्हणून त्यांच्यासाठी शाळेतली वीस मिनिटं हाच खरा वाचनाचा वेळ आहे. पालकांना एवढंच सांगा: मूल गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलं तर ‘अभ्यास सोडून काय वाचतोस’ म्हणू नका. हे वाक्य थांबलं तरी पुष्कळ झालं.

शाळा सुटल्यावर वाचन टिकेल का, हे पुस्तक मिळण्याच्या वाटेवर अवलंबून असतं. दहावीच्या निरोप समारंभाला आपण पेन देतो. त्याऐवजी सार्वजनिक वाचनालयाचं वर्षाचं सभासदत्व द्या. लहान वाचनालयांची वर्गणी पेनाच्या सेटपेक्षा फार नसते, आणि संस्थाचालक किंवा माजी विद्यार्थी ती आनंदानं भरतात. पण नुसती पावती देऊ नका. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा, वर्गच्या वर्ग चालत तिथे न्या. अर्ज तिथेच भरून घ्या आणि प्रत्येकाला त्याच दिवशी एक पुस्तक घेऊन बाहेर पडू द्या. पहिल्यांदा एकट्यानं त्या दारातून आत जायला पंधरा वर्षांच्या मुलाला, विशेषतः मुलीला, फार संकोच वाटतो. एकदा आत गेलेलं असलं की दुसऱ्यांदा जाता येतं.

गावात वाचनालय नसेल तर शाळेचंच दार उघडं ठेवा. आम्ही माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी वही केली होती, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर. अनामत रक्कम नाही, ओळखपत्र नाही, नाव आणि दहावीचं वर्ष एवढंच. पहिल्या वर्षी अकरा नावं होती. त्यांत ती एकेचाळीस पुस्तकांची मुलगीही होती, अकरावीला गेल्यावर आलेली. तिनं एक जाड कादंबरी नेली आणि अडीच महिन्यांनी परत आणली. मी काही विचारलं नाही. तिनं दुसरी उचलली, वहीत सही केली आणि एसटी पकडायला पळाली.